मिलिमीटरवरून पिशवीचा निकाल

सोनोग्राफीच्या कागदावर ‘एन्डोमेट्रियम १४ एमएम’ छापून आलं की पुष्कळ दवाखान्यांत पुढचं बोलणं ठरलेलं असतं : गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय, कॅन्सर होऊ शकतो, पिशवी काढून टाकू. यातलं पहिलं खरं असेलही. उरलेली दोन त्यातून आपोआप निघत नाहीत.

पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर दर महिन्याला जाड होतंच. पाळी संपताना ते २ ते ४ मिलिमीटर असतं, पुढची पाळी येईपर्यंत १६ पर्यंतही जातं. तेव्हा सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली, हे न विचारता आकडा वाचण्यात अर्थ नाही. ४ मिलिमीटरची जी मर्यादा सांगतात, ती पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलेल्या बाईसाठी आहे. पस्तिशीतल्या बाईला ती लावणं म्हणजे नुसतं घाबरवणं.

अस्तर खरोखर बिघडतं ते इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनचा आवर न राहिल्याने. पीसीओएसमध्ये महिनोन्‌महिने बीज फुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. वजन वाढलं की चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. पण पेशी बदलल्यात का, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. त्याला बायोप्सीच लागते. ती बारीक नळीने, बऱ्याचदा भूल न देताही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अस्तराच्या अशा वाढीची जुनी किचकट वर्गवारी मोडून दोनच प्रकार ठेवले : अटिपिया, म्हणजे पेशींच्या रूपातला बिघाड, नसलेली वाढ आणि असलेली. अटिपिया नसेल तर २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. तिथे हार्मोन सोडणारी, कॉपर-टीसारखी बसवायची मिरेना किंवा गोळ्या निदान सहा महिने द्यायच्या आणि पुन्हा बायोप्सी करायची. अटिपिया असेल तर मात्र चालढकल नको. अशा पिशव्या काढून तपासल्यावर बऱ्याच जणींत कॅन्सर आधीच सापडतो. मूल हवं असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो, एवढंच.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही : ‘ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिन्यांनी तपासणीला येते कुठे? एकदाच काय ते उरकलेलं बरं.’ अडचण खरी आहे. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पण २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली, तो या उरकण्यामुळेच. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर तरुणपणीच पाळी गेल्याचे सगळे परिणाम मागे लागतात. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि पुढच्या हंगामात मोळ्या तिलाच उचलायच्या असतात. तपासणी फडापर्यंत नेणं जमत नाही, त्याचा भुर्दंड तिच्या शरीराने का भरायचा?

पाळी गेल्यावर रक्त दिसलं की घरातले वडीलधारे ‘या वयात असं होतंच’ म्हणतात, तेही तितकंच खोटं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला तरी तपासून घ्यायचं.

आणि जाड अस्तरासाठी म्हणून कुणी ऑपरेशनची तारीख दिली, तर आधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागायचा. त्यात अटिपियाबद्दल काय लिहिलंय, ती ओळ डॉक्टरांकडून वाचून घ्यायची. रिपोर्टच नसेल, तर तारीख घ्यायची नाही.