एकोणपन्नास रुपयांची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट म्हणजे अर्धं मत आणि अर्धा कबुलीजबाब.

आमचं घर दांडिया बाजारातलं. बडोद्यात ही आमची चौथी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. लहानपणी दिवाळी अंक आमच्याकडे दिवाळी उलटून गेल्यावर यायचे, मुंबईच्या आत्याच्या बॅगेतून. त्यात ‘नवल’ निघाला की भावंडांत मारामारी ठरलेली. धारपांच्या भयकथा, मतकरींच्या गूढकथा आणि नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून मी वाढलो. अजूनही गोष्ट म्हटली की मला त्यात भूत, यान किंवा बंद खोली लागते.

निवृत्तीनंतर लेकीने किंडल हातात दिलं. लेखकांनी स्वतःच टाकलेल्या मराठी कथा त्यात दिसायच्या, पण मी नाक मुरडायचो. संपादकाने साभार परत केलेलं सगळं इथे येत असणार, हे माझं पक्कं मत. काही पुस्तकांनी ते खरंही केलं. मुखपृष्ठावर कवटी, आत पहिल्याच पानावर तीन ‘अचानक’.

मग एका रात्री एकोणपन्नास रुपयांची एक कथा घेतली. जेमतेम तीस पानं. एसटीडी बूथवाला, काळ नव्वदच्या दशकातला. एका रात्री त्याचं मीटर अजून न केलेल्या फोनचं बिल छापतं. नंबर त्याच्या वडिलांचा, वेळ उद्याची, कॉल फक्त अकरा सेकंदांचा. बस, एवढी एकच गोष्ट अशक्य. बाकी सगळं खरं: रात्री अकरानंतरचा पाव दर, बाहेरची रांग, काचेवर चिकटवलेली एसटीडी कोडची यादी. चांगल्या अद्भुतकथेची माझी कसोटी हीच आहे. खोटं एकच सांगावं, पण त्याची किंमत खऱ्या माणसाने मोजावी.

आता कबुली. मी आमच्या मराठी ग्रुपवर कौतुक केलं. लगेच विचारणा: “काका, पीडीएफ आहे का?” मी उत्साहाच्या भरात एका फोनने दुसऱ्या फोनचे फोटो काढून सगळी पानं टाकली. तीसेक अंगठे आले. मला वाटलं, आपण साहित्यसेवा केली!

दोन महिन्यांनी पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या ईमेलवर विचारलं, पुढची कथा कधी? लेखिकेचं उत्तर आलं. अगदी सभ्य. “ती पानं फिरत फिरत माझ्याही फोनवर आली. लोकांना आवडली, बरं वाटलं. विकल्या गेल्या अकरा प्रती. अभिप्राय दोन, त्यातला एक माझ्या मामेबहिणीचा. दुसरी कथा अर्धी झालीय, सध्या ठेवून दिलीय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपली तक्रार असते की या ढिगाऱ्यातून चांगलं शोधायचं कसं? पण चाळणी लावणार कोण? सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव पाठवली. त्या पेटीत काय घालायचं हे कोणीतरी वाचून ठरवत होतं. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे परीक्षकांनी नाव न बघता कथा बघावी. स्वतः प्रकाशित केलेल्या ई-पुस्तकाला ना ग्रंथपाल, ना परीक्षक. तिथे आहोत फक्त आपण.

आणि वाचकांनी मनावर घेतलं तर काय होतं? अमेरिकेत ह्यू हाउई यांनी 2011 मध्ये ‘वूल’ ही छोटी विज्ञानकथा स्वतःच ई-पुस्तक म्हणून टाकली. वाचकांनी अभिप्रायांतून पुढचे भाग मागितले, म्हणून त्यांनी ते लिहिले. त्यावरून 2023 मध्ये ‘सायलो’ मालिका आली.

माझ्यापुरत्या काही खुणा सांगतो. फुकट नमुना साधारण दहा टक्क्यांचा असतो. तीस पानांच्या कथेत तो मनोगत आणि ऋणनिर्देशातच संपतो, त्यामुळे निव्वळ नमुन्यावरून निकाल देऊ नका. मात्र त्या ऋणनिर्देशात कच्चा खर्डा वाचणाऱ्याचे, शुद्धलेखन तपासणाऱ्याचे आभार असले तर आशा धरायला हरकत नाही. ‘अप्रतिम!’वाले पाच तारे सोडा, तीन ताऱ्यांचा अभिप्राय वाचा. माणूस खरं तिथे बोलतो. आणि एखादा लेखक आवडला तर त्याची दुसरी कथाही विकत घ्या. एक कथा नशिबानेही जमते.

मी उशिरा का होईना, दुकानात अभिप्राय लिहिला. शेवट घाईत उरकलाय हेही लिहिलं, कारण नुसती स्तुती मामेबहीणसुद्धा करते. ग्रुपवरचे फोटो आता पुसता येत नाहीत, म्हणून माफी मागितली आणि पुस्तकाची लिंक टाकली. सात जणांनी विकत घेतलं, असं म्हणाले तरी.

लेखिकेकडून अजून काही कळलेलं नाही.

तर इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुम्हाला सापडलेली अशी एक तरी कथा खाली सांगा. नाव, किंमत आणि का आवडली ते दोन ओळींत. पीडीएफ मात्र मागू नका. मीही देणार नाही.