दोन अक्षरांचा आळस

मराठीवर अन्याय झाल्याची तक्रार ऐकण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ती खरी की खोटी हे तपासण्याची गरजही वाटेनाशी झाली आहे. अलीकडे ठाण्यातील एका परिसंवादात एका विद्वान सहकाऱ्यांनी अशीच तक्रार मांडली. वेब कंपोनंट्स या प्रमाणानुसार संकेतस्थळ रचणाऱ्याला आपले स्वतंत्र घटक घडवता येतात आणि त्यांना नावेही देता येतात. मात्र नावाचे पहिले अक्षर रोमनच असावे लागते. ‘महाजालावर ओवीला ओवी म्हणण्याचीही सोय नाही!’ असे ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे कारण येथे देत आहोत.

आधी वस्तुस्थिती पाहू. हे प्रमाण क्रोमने २०१६ मध्ये, फायरफॉक्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि एजने जानेवारी २०२० मध्ये, क्रोमचाच पाया स्वीकारून, आपलेसे केले. नावाचा आरंभ रोमन लहान अक्षराने व्हावा आणि नावात किमान एक संयोगचिन्ह असावे, एवढी त्याची अट आहे. पुढे देवनागरी खुशाल चालते. पहिल्या अक्षराच्या अटीमागे द्वेष नाही. कोनी कंसानंतर रोमन अक्षर आले तरच ब्राउझर त्याला खूण मानतो, अन्यथा साधा मजकूर समजतो. ही रीत वेब कंपोनंट्सच्या पुष्कळ आधीची आहे. शिवाय हे नाव वाचकाच्या दृष्टीला पडतही नाही. गैरसोय आहे हे मान्य. पण तिला भाषिक अन्याय म्हणणे म्हणजे शब्दांची उधळपट्टी आहे.

खरी कोंडी कशी असते ते आमच्या पिढीने पाहिले आहे. १९९७ च्या सुमारास फाँट पानासोबत पाठवण्याची एक्स्प्लोररची रीत वेगळी होती आणि नेटस्केपची वेगळी. मराठी पान एका ब्राउझरमध्ये उमटे, तर दुसऱ्यात रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला आणि युनिकोडमधली देवनागरी घरोघरच्या संगणकांवर पोचली. २००८ मध्ये ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. वेब फाँटसाठी सर्व ब्राउझरांना समान असा साचा डिसेंबर २०१२ मध्ये अधिकृत प्रमाण झाला. कोंडी फुटली ती अशी. सभागृहातल्या टाळ्यांनी नव्हे.

मग आज अडते कुठे? उत्तर आम्हाला आमच्याच वर्गात मिळाले. कल्याणहून येणारी आमची एक अंध विद्यार्थिनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या आधारे एम.ए.चा अभ्यास करते. संत साहित्यावरच्या टिपणांचे पान आम्ही विभागाच्या संकेतस्थळावर मोठ्या हौसेने चढवले होते. ते ऐकून ती म्हणाली, ‘सर, आपली ज्ञानेश्वरी ग्यानेश्वरी कधीपासून झाली?’ आम्ही खजील झालो. पानाचा साचा आम्ही एका हिंदी पानावरून उचलला होता. पानाची भाषा सांगणारी खूण साच्याबरोबर आली ती हिंदीची. आज्ञावलीने इमानेइतबारे हिंदी उच्चार केले. ब्राउझरने काहीही चूक केली नव्हती. चूक मराठीच्या प्राध्यापकांची होती.

ही खूण म्हणजे ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे. पानाच्या आरंभी ती एकदा लिहायची असतात. पानाची भाषा नोंदवणे ही सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतली अगदी पहिल्या पायरीची अट २००८ पासून आहे. तिचा संबंध केवळ कानाशी नाही. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हीच मराठीची रूपे, असे शासन निर्णय सांगतात आणि आपण विद्यार्थ्यांना तसेच शिकवतो. काही फाँटांमध्ये मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात. कोणते दाखवायचे हे क्रोम आणि फायरफॉक्स त्या खुणेवरून ठरवतात. खूण इंग्रजीची किंवा हिंदीची असेल तर अशा फाँटातला ‘ल’ हिंदी वळणाचा उमटू शकतो. मग आपण म्हणतो, ‘ब्राउझरला मराठी येत नाही.’ आपण मराठीत लिहिले आहे हे त्याला सांगितले कोणी?

‘हे तंत्रज्ञांचे काम,’ असा बचाव लगेच पुढे येईल. तो आम्हाला मान्य नाही. हस्तलिखिताचा संपादक प्रतीची भाषा, काळ, लिपी यांची नोंद लेखनिकावर सोपवून मोकळा होतो काय? मजकूर कोणत्या भाषेतला हे सांगणे हे भाषेच्या अभ्यासकाचे पहिले काम आहे. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीचे नाव आहे ‘हार्फबझ’. हे नाव फारसी आहे आणि तिची आजची घडण करण्यात इराणी वंशाचे बेहदाद एस्फाहबोद यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी केलेल्या कामाचा लाभ आपल्या ‘ज्ञ’ला आणि ‘ऱ्य’ला होतो. आपल्याकडून अपेक्षा आहे ती केवळ दोन अक्षरांची. तीही आपण लिहीत नाही.

२०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत साहित्य संमेलन भरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या साऱ्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण आमच्या विद्यार्थिनीला ज्ञानेश्वरी नीट ऐकू आली, ती आम्ही ती खूण दुरुस्त केल्यावर. त्या दुरुस्तीला एक मिनिटही लागले नाही. चूक मात्र दोन वर्षे तशीच होती आणि त्या दोन वर्षांत आम्ही मराठीच्या भवितव्यावर तीन चर्चासत्रे घेतली.

म्हणून आमचे सहकाऱ्यांना सांगणे एवढेच, की पुढच्या परिसंवादाची निमंत्रणपत्रिका संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी त्या पानाची भाषा कोणती नोंदवली आहे ते स्वतः उघडून पाहा. पहिल्या रोमन अक्षराचे भांडण त्यानंतर अवश्य करू, आम्हीही येऊ.