आजारी कोयत्याचे दायित्व

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रीच्या आजाराचे दायित्व तिच्या कुटुंबाचे नसून, ज्यांच्या गाळपासाठी ती राबते त्या साखर कारखान्यांचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शासननियुक्त समितीच्या २०१९ मधील पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. या आकड्यास घरगुती दुखणे म्हणणे हा घोर अन्याय होय.

पतिपत्नींचा मिळून एक कोयता धरून उचल दिली जात असल्यामुळे, शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणाने आई खोपीत पडून राहिली की खाड्याचा दंड चढतो, उचल फिटत नाही, आणि मोडलेला कोयता पुरा करण्यासाठी, जिने शाळेत असावयाचे त्या मुलीलाच फडात उतरून आईची मोळी डोक्यावर घ्यावी लागते. आम्हांस सर्वाधिक भय वाटते ते याचेच.

कामातून जडणाऱ्या व्याधीचे दायित्व मालकाचे मानण्यास दाखलाही आहे: ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्यदप्तर किमान ४० वर्षे जतन करावे आणि बाधितांस एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. ऊसतोड स्त्रीचे नाव मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर चढतच नाही, मग तिच्या व्याधीचा पुरावा कोण जपणार?

सबब, पुढील हंगामाचा गाळप परवाना देण्यापूर्वी साखर आयुक्तांनी प्रत्येक कारखान्याकडून या स्त्रियांची स्वतंत्र नोंद, आरोग्यदप्तर, विमा आणि आजारपणातील खाडामाफी यांची लेखी हमी घ्यावी, आणि जो कारखाना ती देणार नाही त्याचे धुराडे पेटू देऊ नये.