घरचे माणूस ऐकत नाही तेव्हा

तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवणारे एक खासगी केंद्र होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. शिफा मिळेल या आशेने घरच्यांनीच कित्येकांना तिथे पोहोचवले होते.

आजही तरणाताठा मुलगा रात्र रात्र झोपत नाही, जेवणात विष आहे म्हणतो, अम्मीवर हात उगारतो आणि दवाखान्यात यायला तयार नसतो, तेव्हा आपण काय करतो? बाहेरून कडी लावतो, नाहीतर बांधून गाडीत घालतो. कायद्याचा रस्ता आपल्याला ठाऊकच नसतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची तयारी नसली तरी त्याला दाखल करता येते. पण त्याने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिलेली असावी वा प्रयत्न केलेला असावा, दुसऱ्यावर हल्ला केलेला असावा, किंवा जिवाला धोका होईल इतके स्वतःकडे दुर्लक्ष होत असावे. अर्ज त्याच्या प्रतिनिधीने करायचा. दोन जाणकार त्याला वेगवेगळे तपासतात. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असतो. मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचे तर मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी लागते. दाखल केल्याची खबर मंडळाला ७ दिवसांत, स्त्री असल्यास ३ दिवसांत द्यावी लागते. रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो. त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते. साखळीने बांधायला मात्र पूर्ण बंदी आहे.

एवढी बंधने कशासाठी? घरातल्या भांडणात कुणालाही वेडे ठरवून कोंडता येऊ नये म्हणून. सासरी पटत नाही, ठरवलेले लग्न नाकारले किंवा घरच्या धार्मिक रीती पाळल्या नाहीत, एवढ्यावरून कुणी मनोरुग्ण ठरत नाही, असे हाच कायदा सांगतो.

आम्ही एक सुचवतो. ज्या घरात असा आजार आहे, तिथे माणूस बरा असताना त्यालाच विचारा, "पुन्हा त्रास झाला तर तुझ्या वतीने कोणी बोलावे?" साध्या कागदावर ते नाव लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या. कायदा हे मानतो. बरा होऊन तो आपल्याच घरी परतणार आहे. त्याचा आपल्यावरचा भरवसा शाबूत राहायला हवा.

दुआ करा, इलाजही करा. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक १४४१६ आजच लिहून ठेवा.