आधी शपथ, मग चिन्ह



मालेगाव, नांदगाव, येवल्याकडून बैठकीला येणाऱ्यांना देवळाली कॅम्प म्हणजे तोफखाना, पारशांची सॅनिटोरियमे आणि थंड हवा एवढेच ठाऊक असते. याच कॅम्पात मिनू मसानींनी सुरू केलेल्या लेस्ली साहनी कार्यक्रमाचे केंद्र उभे राहिले आणि लोकशाहीचे शिक्षण देणारी शिबिरे भरली. मसानी हे स्वतंत्र पक्षाचे सरचिटणीस. तो पक्ष आज मतपत्रिकेवर नाही. तो मतदाराने पाडला तेवढे खरे; पण पुन्हा उभे राहण्याची वाट कायद्यानेच अडवली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरला संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. म्हणजे बांध मोडायचे, जमीन एकत्र करायची आणि कसायचे कसे ते कचेरीतून ठरायचे. त्याच वर्षी राजाजी, आंध्रातले शेतकरी नेते रंगा आणि मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६२ ला लोकसभेत अठरा आणि १९६७ ला चव्वेचाळीस जागा मिळवून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९७१ ला आठवर आला, १९७४ ला चरणसिंगांच्या लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रातल्या मूठभरांनी मात्र पाटी उतरवली नाही.

त्या पक्षाला आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. राजेरजवाडे आणि कारखानदारांचा पक्ष हा शिक्का त्याला पुसता आला नाही, आणि आमच्या कोरडवाहू गावांत तो कधी पोहोचला नाही. पण लायसन्स-परमिट राज हा शब्द राजाजींनी दिला. त्याचा अर्थ आम्हाला ज्वारीच्या लेव्हीने आणि १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीने शिकवला. स्वतःच्या रानातला कापूस सरकार सोडून दुसऱ्याला विकला तर गुन्हा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेपलीकडे न्यायची बंदी. हे सगळे समाजवादाच्या नावाने आणि आमच्या भल्यासाठी म्हणून चालले होते.

आता कायद्याचे पाहू. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेच्या उद्देशिकेत समाजवादी हा शब्द घातला. घटना समितीत के. टी. शहांनी १९४८ सालीच तो सुचवला होता. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचे, घटनेने आधीच बांधून ठेवायचे नाही, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी ती सूचना नाकारली. १९८९ ला लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९ अ आले. पक्षाची नोंदणी हवी तर पक्षाच्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वांवर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. एकट्यादुकट्या उमेदवाराला ही अट नाही. तो अपक्ष म्हणून उभा राहू शकतो. पण अपक्षांना चिन्ह मतदारसंघागणिक वेगळे. नांदगावात बादली, येवल्यात शिट्टी. आठ तालुक्यांत सभा घ्यायच्या तर आठ चिन्हे सांगत फिरायचे! नाव मतपत्रिकेच्या तळाशी येते ते वेगळेच.

या अटीपुढे दोघांनी दोन वाटा धरल्या. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्र शाखेचे एस. व्ही. राजू म्हणाले, आम्ही समाजवादाला विरोध करायला जन्मलो, खोटे लिहून देणार नाही. आणि १९९६ ला त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. शरद जोशींनी १९९४ ला स्थापलेल्या स्वतंत्र भारत पक्षाने कायद्यात बसून नोंदणी घेतली. त्यामुळेच २००४ ला राजुऱ्यातून वामनराव चटप पक्षाच्या चिन्हावर आमदार झाले. पुढे राज्यसभेत जाऊन जोशींनी समाजवादाची ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. राजू आणि जोशी दोघेही २०१५ साली गेले.

कोण बरोबर होते? आमच्यातच दोन मते आहेत. चळवळीला निवडणूक हवी असेल तर कागदावरच्या एका शब्दासाठी अडून बसू नये, असे बरेच जण म्हणतात. आम्हीही इतकी वर्षे तेच म्हणत आलो. सभेत समाजवादावर आसूड ओढायचा आणि पक्षाच्या कागदात त्याच्यावर निष्ठा लिहायची, हे गावागावांत आम्ही कधी मोकळेपणाने सांगितले नाही, ही चूक कबूल केली पाहिजे.

२०१० ला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात एका संस्थेच्या अर्जावरून आला होता. कुणा पक्षाची तक्रार नाही, तेव्हा ही चर्चा पुस्तकी आहे, असे म्हणून न्यायालयाने तो बाजूला ठेवला. राजूंनी तर चौदा वर्षांपूर्वीच मुंबईत दार ठोठावले होते! नोव्हेंबर २०२४ मध्ये उद्देशिकेतल्या शब्दाविरुद्धचे अर्जही फेटाळले गेले. आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, त्याने कुठलेच आर्थिक धोरण बांधले जात नाही, असे न्यायालय म्हणाले. असेल. पण ज्या शब्दाने काहीच बांधले जात नाही, त्याच्यावर निष्ठा लिहून घेतल्याशिवाय दार का उघडत नाही?

वेळही फार नाही. सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेल्या पक्षांची नावे निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये यादीतून काढली. ऑगस्टमध्ये ३३४, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. त्यांत कागदी पक्ष बरेच असतील. पण पदराला पैसा नसलेल्या, दुष्काळात दोन हंगाम गप्प बसणाऱ्या चळवळीलाही हाच नियम लागतो.

म्हणून आमची मागणी अशी : शेतकऱ्यांच्या नोंदणी झालेल्या पक्षाने आपल्याच कागदातल्या या कलमाला स्वतः आव्हान द्यावे. संस्था नको, पक्षच अर्जदार हवा, कारण न्यायालयाने अडकवले ते तेथेच. यात नोंदणी जाण्याचा धोका आहे, हे आम्ही लपवत नाही. गेली, तर आपले उमेदवार अपक्ष उभे राहतील आणि प्रत्येकाला अर्जावर दहा सूचक लागतील. त्या सह्या देणारी माणसे आपल्या गावात कोण, याची यादी प्रत्येक तालुक्याने बैठकीला येताना बरोबर आणावी. वकिलाच्या खर्चाचा विषय कापूस घरात आल्यावर घेऊ.