गटनंबराला टाइप हवाच

पलूस-कुंडल पट्ट्यातल्या ऊस आणि द्राक्षबागांचे हिशेब स्क्रिप्ट लिहून सांभाळणाऱ्यांना हे नवे नाही. ५/२ हा गटनंबर एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की त्याची तारीख होते. पायथनमध्ये अवतरणचिन्ह द्यायचे राहून गेले तर भागाकार होऊन २.५ हाती येतो. ०४१७ हा सभासद क्रमांक पूर्णांक म्हणून वाचला की पुढचे शून्य गळते आणि मूळ यादीशी जुळवताना तो सभासद सापडत नाही. एरर कुठेच येत नाही, बिल मात्र अडते.

देवनागरी अंकांत टाइप केलेला मजकूर तर प्रत्येक भाषा वेगळा वाचते. ‘१२’ पायथनचे इंट फंक्शन बरोबर बारा म्हणून घेते. जावास्क्रिप्टमध्ये नंबर फंक्शन ‘नॅन’ देते. पीएचपीत तो मजकूर पूर्णांकात बदलला तर शून्य मिळते, तेही निमूटपणे. या तिन्हींत शून्य सर्वांत घातक, कारण ते बेरजेत खपून जाते.

व्हेरिएबलला टाइप जाहीर करण्याची सोय स्क्रिप्टिंग भाषांना बाहेरून जोडण्याचे प्रयत्न म्हणूनच महत्त्वाचे आहेत. पीएचपीसाठी ‘एसपीएल टाइप्स’ नावाचे प्रायोगिक एक्स्टेन्शन होते. त्यातल्या पूर्णांक-व्हेरिएबलला मजकूर द्यायला गेले की तिथेच एक्सेप्शन येई. कल्पना उत्तम होती, पण ती भाषेच्या अंतर्गत रचनेवर टेकलेली होती आणि पीएचपी ७ च्या पिढीत ती पोचली नाही. पुढे पीएचपीने पॅरामीटर, रिटर्न आणि प्रॉपर्टी यांना टाइप दिले, साध्या लोकल व्हेरिएबलला अजून दिलेले नाहीत.

२०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टने दुसरी वाट धरली. टाइप लिहायचे, तपासायचे आणि जावास्क्रिप्ट तयार करताना पुसून टाकायचे. मूळ इंजिनाला हात न लावल्यामुळेच ते टिकले, असे आमचे मत आहे. पायथन ३.६ मध्ये, २०१६ साली, व्हेरिएबलसमोर टाइप लिहिण्याची सोय आली.

इथेच अनेक जण फसतात. ‘वजन’ या व्हेरिएबलसमोर फ्लोट लिहून त्यात मजकूर भरला, तरी पायथन प्रोग्राम बिनदिक्कत चालवतो. चूक पकडायला मायपायसारखे साधन वेगळे चालवावे लागते. तेही फक्त कोड तपासते. सीएसव्ही फाइलमधून आलेली ओळ ते पाहत नाही. टाइपस्क्रिप्टचेही तसेच. म्हणून माहिती आत येते त्या जागी चालत्या प्रोग्रामने तपासणी केलीच पाहिजे.

फ्लोट म्हटल्यानेही सगळे भागत नाही. काट्यावरचे १२४८० किलो आणि बिलातले १२.४८ टन, दोन्ही आकडेच. पायथनच्या ‘न्यूटाइप’ने किलो आणि टन असे दोन वेगळे टाइप करता येतात. मग टन मागणाऱ्या फंक्शनला किलो दिले की मायपाय अडवते. चार ओळींचे हे काम आहे, आणि ते फार थोड्या ठिकाणी केलेले दिसते.

सगळा जुना कोड टाइपमध्ये बसवायला घेऊ नका. ते काम अर्ध्यातच सुटते. गळीत हंगामाआधी सभासद क्रमांक, गटनंबर आणि वजन एवढी तीनच क्षेत्रे घ्या. पहिली दोन कायम मजकूर, तिसरे एककासह. बाकीचे हंगाम संपल्यावर बघता येईल.