निसटलेल्या माशाचा विचार

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर आमच्या जोयडा तालुक्यातले. चिरंजीव सुट्टीत आजोळी येतात आणि गेली दोन वर्षे त्यांना मासे गरवण्याचा नाद लागला आहे. या खेपेस त्यांनी गळ, शिशाची वजने, कड्या, मणी, नळ्या अशा पाऊणशे जिनसांची एक पेटीच मागवून घेतली. ‘एवढ्या पसाऱ्यातून रोहू-कटल्यासाठी खरोखर लागते काय, आणि हा छंद पापाचा तर नव्हे?’ असे दोन प्रश्न भगिनींनी विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर नीट दिले तर दुसऱ्याचेही पुष्कळसे त्यात येऊन जाते, अशी माझी समजूत आहे.

आपल्या भागाला गळ काही नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे अभ्यासक त्याकडे वळतात ते त्यात सापडणाऱ्या जुन्या मराठीच्या खुणांसाठी. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे आणि त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य व गळाने मासा धरण्याची रीत सांगितली आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. इंग्रजांना ज्याचा मोठा अभिमान वाटतो तो आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ चा. म्हणजे आमचा राजा त्याच्या पाच शतके आधीचा. मासा कोणता आणि तो खातो काय, हे सांगणे राजाला आवश्यक वाटले. आजचा बाजार आधी साधन विकतो आणि मासा शोधण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडतो.

तेव्हा आपणही माशापासूनच आरंभ करू. कार्प हे माशांचे एक मोठे कुळ आहे. कटला, रोहू व मृगळ हे त्यातले तिघे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. वाहत्या पाण्याखेरीज ते अंडी घालीत नसत, म्हणून त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि तेव्हापासून दक्षिणेतल्या तळ्यांत व जलाशयांत हे उत्तरेचे पाहुणे सुखाने नांदू लागले. चौथा सायप्रिनस. तो परदेशी, १९३९ मध्ये निलगिरीत आणला गेला, पुढे १९५७ मध्ये बँकॉककडून त्याची दुसरी जात आली.

या चौघांची तोंडे पाहावीत. कटल्याचे डोके अवाढव्य आणि तोंड वरच्या बाजूस वळलेले; तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते आणि तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली, त्याचा मुक्काम तळाशी. सायप्रिनस तर तोंड नळीसारखे पुढे काढून चिखलच उकरतो. जबड्यात दात कोणालाच नाहीत. जे आहेत ते घशात. त्यामुळे हे मासे घास तोडीत नाहीत, पाण्यासकट आत ओढतात, चाखतात आणि नको ते फुंकून बाहेर टाकतात. भातातला खडा जिभेने हुडकून ताटाबाहेर ठेवणाऱ्या आजोबांची आठवण व्हावी, इतकी ही क्रिया सफाईची असते.

एवढे ध्यानात आले की निम्मी पेटी मिटते. कटल्यासाठी तळाशी जड शिसे टाकून बसण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्यासाठी तरंगते बूच लावावे आणि गळ हात-दीड हात खाली लोंबता ठेवावा. रोहूसाठी तेच बूच वर सरकवून गळ अधिक खोल सोडावा. मृगळ आणि सायप्रिनस यांच्यासाठी मात्र तळाशी टेकणारे वजन हवे.

आता गळ. गळाच्या आकड्यांचा हिशोब उलटा असतो, हे नवख्याला कोणी सांगत नाही. आकडा मोठा तितका गळ लहान; दहा नंबरचा गळ सहा नंबरच्या गळापेक्षा नाजूक. एकाच्या पुढे मात्र आकड्याखाली शून्य लावून पुन्हा चढती भाजणी सुरू होते. तळ्यातल्या रोहू-मृगळासाठी सहा किंवा आठ नंबरचा, जाड तारेचा, आखूड दांड्याचा गळ पुरेसा आहे. टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढून पाहावे. नखाला अडकले तर धार आहे, घसरले तर तो गळ टाकून द्यावा. टोकाजवळचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘मग मासा सुटेल,’ असा आक्षेप येतोच. दोरी ताणलेली ठेवणाऱ्याचा मासा सहसा सुटत नाही. आणि सुटलाच, तर तो गळ थोड्या वेळात झटकून मोकळा होतो, ही सोय आपल्या उपयोगाची नसली तरी माशाच्या उपयोगाची आहे.

तंगूस घेताना जाडी पाहावी. सहा-सात किलोचा ताण सोसणारी मुख्य दोरी पुरे. तिच्या टोकाला एक फिरती कडी आणि कडीच्या पुढे वीतभर लांबीचा, मुख्य दोरीहून थोडा कमजोर तुकडा, त्याला गळ. हा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवायचा. तुटायचेच झाले तर दोरी गळाजवळ तुटावी आणि माशाबरोबर नुसता गळ जावा. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापते आणि नेमके तिथेच दगा देते. उन्हानेही तंगूस कुजतो, म्हणून गेल्या वर्षीचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

खरा प्रश्न वजनाचा आहे. बाजारात ज्याचा फार बोलबाला आहे तो प्रकार असा, की साठ-सत्तर ग्रॅमचे शिसे दोरीला पक्के जखडायचे. मासा घास ओढतो, अचानक त्या भाराचा हिसका बसतो, तो बिचकून पळतो आणि स्वतःच गळ ओठात रुतवून घेतो. ही युक्ती विलायतेतली आहे आणि ती कामही करते. काठीवाला झाडाखाली डुलकी काढू शकतो. पण मुख्य दोरी शिशाच्या वर तुटली तर काय होते, याचा विचार वेष्टनावर छापलेला नसतो. तो मासा ओठात गळ आणि मागे पक्के बांधलेले शिसे घेऊन हिंडतो. ते शिसे एखाद्या बुंध्यात अडकले की तो तिथेच दावणीला बांधल्यासारखा राहतो, आणि तसाच मरतो. कोणाच्या पानात पडण्यासाठी नव्हे, उगाच.

म्हणून वजन सरकते असावे. भोकाचे शिसे दोरीत मोकळे ओवावे, त्याखाली एक मणी, मग कडी. दोरी वर कुठेही तुटली तरी शिसे आपोआप घसरून पडते. चिरंजीवांच्या पेटीत एखादी नळीची अडण असेल, जिच्यातून ताण बसला की वजन निखळते, तर तीही चालेल. काहीच नसेल तर नदीतला एक गोटा शिवणाच्या सुती दोऱ्याने बांधावा. अडकला की दोरा तुटतो आणि गोटा आपल्या घरी राहतो. शिशापेक्षा मला हा गोटाच अधिक पसंत आहे. इंग्लंडमध्ये गळाची लहान शिशे गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये तिथे तशा शिशांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे बदके आणि पाणकोंबड्या काही वेगळ्या पोटाच्या नाहीत.

आणखी एक युक्ती मात्र मोकळ्या मनाने उचलण्याजोगी आहे. १९८० च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडक्स या दोघा इंग्रजांनी ती काढली आणि १९८१ च्या मॅडक्स यांच्या पुस्तकाने ती सर्वत्र गेली. आमिष गळाच्या टोकात न खुपसता गळाच्या पाठीला बांधलेल्या एका बारीक केसाला लोंबते ठेवायचे. आरंभी तो खरोखर माणसाचा केस होता. गळ उघडा राहतो. मासा दाणा ओढतो, मागोमाग गळ आत जातो, संशय येऊन तो फुंकतो तेव्हा गळ बहुधा खालच्या ओठात बसतो. पोटात जात नाही, घशात रुतत नाही. मक्याचा दाणा किंवा हरभरा यासाठी उत्तम. मात्र रात्रभर भिजवून चांगला शिजवलेला. कच्चे कडधान्य माशाच्या पोटात फुगते.

आपल्याकडच्या तळ्यांवर पिठाच्या किंवा पेंडीच्या मोठ्या गोळ्यात चार-चार, सहा-सहा गळ खुपसण्याची रीत आहे. गोळा विरघळू लागला की कटला तो ढग ओढून घेतो आणि एखादा गळ लागतो, यात शंका नाही. परंतु उरलेले गळ डोळ्यात, कल्ल्यात, पोटावर कुठेही रुततात; आणि असा मासा निसटला तर त्याचे तोंड शिवल्यासारखे होते. ज्याची चूल त्यावर पेटते त्याला मी काही म्हणणार नाही. सुट्टीतल्या हौशी माणसाने एका गळावर समाधान मानावे.

आता आमच्या पाण्याविषयी. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. काळी आणि पांढरी यांच्या संगमावर सुपे गाव होते, तालुक्याचे नावही तेच होते. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ मध्ये ते पुरे झाले आणि सुपे पाण्याखाली गेले. तेथली माणसे रामनगरात नव्याने वसली. त्यांपैकी कित्येक घरी हे मासिक जाते, त्यांना मी काय सांगावे! पण गळ टाकणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की ज्या पाण्यात तो दोरी सोडतो त्याखाली रान आहे, बांध आहेत, कोणाच्या तरी अंगणाची जोती आहेत. दोरी अडकते ती अशा ठिकाणी. म्हणून जखडलेल्या शिशाचा प्रकार इथे तर अगदीच नको. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी एकाएकी चढते आणि दांडेलीच्या बाजूला मगरी आहेत, हेही आजीने नातवाला दोनदा सांगावे.

कार्प कुळातलाच, पण मानाने सर्वांत मोठा असा एक मासा याच नदीत आहे. तो महसीर. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला नाव दिले ‘खुद्री’. कोळूस, नुकटा यांसारखी आणखीही काही देशी नावे त्याच्या लेखणीने शास्त्रात कायमची गेली. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने याच माशांना अभय आहे. लोणावळ्याला वळवणच्या धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर त्यांची पैदास चालवली आणि तेथून बीज दूरदूर गेले. या सत्कार्यालाही दुसरी बाजू निघाली. कावेरीत हे पाहुणे इतके माजले, की तिथला मूळचा मदारीचा महसीर मागे हटला. आणि ज्या माशाचे शास्त्रीय नावदेखील २०१८ मध्ये निश्चित झाले, तो तेव्हाच नामशेष होण्याच्या काठावर होता. आमच्या काळीत मात्र खुद्री घरचाच आहे.

नाचणीच्या उकडीच्या गोळ्याला महसीर येतो, आणि आला की रोहूसाठी बांधलेले सारे गणित कोलमडते. त्याच्या जबड्याच्या दाबाने बारीक तारेचा गळ चपटा होतो. म्हणूनच वर जाड तारेचा गळ सांगितला. तो लागला तर लवकर जवळ आणावा, दमवून दमवून खेळवू नये. हात ओले करून पाण्यातच धरावा, गळ काढावा, तोंड प्रवाहाकडे करून तो आपल्या बळाने निघेपर्यंत आधार द्यावा आणि जाऊ द्यावा. छायाचित्र हवेच असेल तर ते पाण्यात असतानाच काढावे.

पापपुण्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. खाण्यापुरता मासा धरणे या मुलखात कोणी पाप मानलेले नाही. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्याने बंदी आहे आणि तरी ते कुठे कुठे चालते; त्यापुढे एका मुलाची काठी ती काय! मात्र काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीवाचून गळ टाकता येत नाही, आणि जोयड्यातले पुष्कळसे पाणी त्या हद्दीत किंवा तिच्या कडेला आहे. चिरंजीवांनी पेटी उघडण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे, जलाशयासाठी मत्स्य खात्याकडेही. आणि उठताना तुटक्या तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नयेत. ते बगळ्याच्या पायात अडकतात आणि कुजायला वर्षानुवर्षे घेतात. खिशात घालून घरी आणावेत.